वाघजाईचा माथा

"शिस्टरबाई, जरा टेका तरी. ताक देतंय," सखू धनगरीण म्हणाली.

"मी ताक पीत बसले तर बर्फ थांबणार आहे होय?" मालननं लसीचा निळा डबा कानाशी धरून हलवला. आत पाणी डुचमळायला लागलं होतं. साडेदहा झाले होते.

तो डबा म्हणजे तिची दुसरी सासूच. नर्स म्हणून इथं आल्यापासून चौदा वर्षं त्यानंच तिला डोंगर चढवला आणि त्यानंच उतरवला. बर्फ विरघळायच्या आत लस संपवायची, की फिरायचं मागं. इकडेतिकडे बघायला सवड कुणाला? धनगरवाडा वाघजाईच्या डोंगराच्या अर्ध्यावर. माथा त्याच्यावर आणखी तासाभराची चढण. पुण्यामुंबईची पोरं रजा काढून, पाठीवर बोचकी बांधून तिथं जात आणि वाटेत हिलाच विचारत, "मावशी, वरून समुद्र दिसतो का हो?" आता काय सांगणार, कपाळ!

पण हेच तिचा बाबाही विचारी. मालन समुद्रकाठच्या पूर्णगडची, भिकाजी खारव्याची लेक. सुट्टीला गेली की म्हातारा म्हणायचा, "तुझ्या डोंगरावरनं आपला दर्या दिसतो का गो?" आणि ती म्हणायची, "पुढल्या खेपेला बघून येते."

आता पुढली खेप नव्हती. तिची पूर्णगडला बदली झाली होती. २००३ च्या जानेवारीतला हा पोलिओचा दिवस, डोंगरावरचा तिचा शेवटचा. बाबाला ऐंशी झाली, डोळे चालले. त्याला एकदा खरं उत्तर द्यायचं होतं. म्हणून आज अंधारातच निघाली होती. अकराला वाडी उरकायची आणि काय वाट्टेल ते होवो, माथा गाठायचा.

यादीत तेरा पोरं होती. बारांच्या करंगळ्यांना शाई लागली.

"तेरावं कुठाय?"

"माझी नात होय? सुनेनं नेलीय म्हशींमागं, पल्याडच्या उतारावर. ऱ्हाऊ दे की एक."

माथ्याची वाट डावीकडे, पल्याडचा उतार उजवीकडे. मालन मधेच उभी राहून चरफडली. मेलं एकच पोर, आणि नेमकं आजच! तिनं शिशीवरचा चौकोन बघितला. लस बिघडली की तो काळवंडतो. अजून पांढराच होता. काळा झाला असता तर बरं, असं मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. ती उजवीकडे वळली.

पोर सापडलं ते एक वाजता, करवंदीच्या सावलीत झोपलेलं. दोन थेंब, एवढंसं भोकाड, संपलं काम. डबा संध्याकाळच्या आत केंद्रावर पोचवायचा होता. माथ्याकडे न बघता ती खाली उतरली.

फेब्रुवारीतला पोलिओ पूर्णगडला. घरं सगळी हाकेवर, दहालाच काम उरकलं. सवयीनं तिनं डबा कानाशी धरला. आत आवाजच नाही. बर्फ अजून दगडासारखा होता. रिकाम्या हातांचं काय करावं तिला कळेना. घरी जाऊन ती बाबाला हाताला धरून किल्ल्याच्या बुरुजावर घेऊन आली.

"हवा साफ हाय आज. डोंगर दिसतो काय?" भिकाजीनं पूर्वेकडे तोंड करून विचारलं.

"दिसतो."

"मला आता नुसता धूर दिसतो. पण डोळे होते तोवर रोज यायचो हितं. म्हणायचो, ती बघा, आमची मालन वर हाय."

दिसतो दर्या, होड्यासुद्धा दिसतात, असं म्हणायला मालनला कुणाची आडकाठी होती?

"बाबा, मी वर कधी गेलेच नाय."

"चौदा वर्षांत?"

"पोरं अर्ध्यावर होती. तिथनंच परतायचे."

म्हाताऱ्यानं हात पुढे केला.

"अर्ध्यावर कुठं? दाखव."

तिनं त्याचं बोट धरलं, वाघजाईच्या माथ्यावर नेलं, आणि तिथून हळूच थोडं खाली आणलं.