बंद न केलेला संगणक

संघप्रियाचा फोन आला तेव्हा मी दुपारच्या जेवणाला बसत होतो.

"सर, प्रसेननं माझी डिस्क पुसली. आज्जीचं गाणं त्यातच हाय. आणि आता हा कॉम्प्युटर बंद करून चालू करतो म्हणतोय!"

"त्याला बटणापासून दूर बसव," मी म्हणालो. "मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका."

ताट झाकून ठेवले आणि स्कूटर तिच्या घराकडे, गडमुडशिंगीच्या दिशेने घेतली. संघप्रिया तंत्रनिकेतनात माझी विद्यार्थिनी होती. पुढे ती लोकगीतांच्या संशोधनाकडे वळली. गारगोटी आणि गगनबावडा भागांतल्या वस्त्यांमध्ये हिंडून, धम्मदीक्षेनंतरच्या पहिल्या पिढीतल्या स्त्रियांची गाणी तिने ध्वनिमुद्रित केली होती. त्यांतले पहिले गाणे तिच्या आजीचे, बनाबाईंचे. बनाबाई गेल्या उन्हाळ्यात वारल्या. रेकॉर्डरचे कार्ड प्रत्येक दौऱ्याआधी पुसून पुन्हा वापरले जाई, त्यामुळे सारी गाणी त्या एकाच डिस्कवर होती. दुसरी प्रत करण्यासाठी तिने त्याच सकाळी नवी डिस्क विकत आणली होती.

ती दुकानात गेली असताना तिच्या धाकट्या भावाने, प्रसेनजीतने, मित्राच्या लॅपटॉपवर नवी प्रणाली चढवण्यासाठी पेनड्राइव्ह तयार करायला घेतला. संगणकाला जोडलेल्या उपकरणांच्या यादीतली बहिणीची डिस्क त्याने पेनड्राइव्ह समजून निवडली. चूक लक्षात येताच त्याने काम मध्येच थांबवले. पण तोवर डिस्कच्या सुरुवातीच्या बऱ्याच भागावर दुसरेच काही लिहून झाले होते.

मी पोहोचलो तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता.

"सर, मोबाइल अडकला तरी बंद करून चालू केला की येतंय की," तो म्हणाला.

"तू गप बस," संघप्रिया म्हणाली. "मित्राची सेवा करायला माझाच कॉम्प्युटर घावला व्हय तुला?"

"पण ताई, बघ की, सगळी नावं दिसत्यात. कायसुद्धा पुसलं न्हाय."

खरोखरच पडद्यावर सर्व फोल्डर ओळीने दिसत होते. मी डिस्कचा आरंभीचा भाग नुसता वाचून दाखवणारा प्रोग्राम चालवला. तिथे गाण्यांचा मागमूस नव्हता. प्रसेनजीतने ओतलेलाच मजकूर होता. एकाच पडद्यावर दोन खिडक्या, आणि एकीत जे होते ते दुसरीच्या मते अस्तित्वातच नव्हते.

"मग ही नावं कुठनं दिसत्यात, सर?" तिने हळूच विचारले.

मी सांगू लागलो. डिस्कवर फाइलींच्या मजकुराखेरीज त्यांच्याविषयीची माहितीही लिहिलेली असते: नाव काय, आकार किती, कोणता तुकडा कोठे ठेवला आहे. या डिस्कवर तिचा मोठा भाग आरंभीच होता. डिस्ककडे जाऊन विचारणे संथ काम, म्हणून संगणक एकदा वाचलेली माहिती आपल्या रॅममध्ये जवळ ठेवतो आणि पुढच्या वेळी तिथूनच उत्तर देतो. डिस्कवरची माहिती नष्ट झाली होती, पण संगणकाला ते ठाऊक नव्हते. पुन्हा विचारण्याचे त्याला कारणच पडले नव्हते. वीज तोडली असती तर रॅम रिकामी झाली असती, आणि चालू होताच त्याने डिस्कला विचारले असते, तुझ्याकडे काय आहे? डिस्कने प्रामाणिकपणे सांगितले असते, गाणी नाहीत.

फळ्यावर चौकटी आणि बाण काढून हे मी कित्येक तुकड्यांना शिकवले होते. त्यातली एक चौकट समोर अशी एकटीने तग धरून असलेली मात्र मी प्रथमच पाहत होतो. माझा आवाज आपोआप खाली आला.

"पण त्याच्याजवळ आहे ते फक्त वाचून झालेले," मी म्हणालो. "संगणक चालू केल्यापासून तू कोणते फोल्डर उघडलेस?"

"गारगोटीचं. तेवढंच." तिचा चेहरा उतरला. "आज्जीचं तर ती गेल्यापासनं उघडलंच न्हाय. उघडवत न्हाय, सर."

मी माउसवरचा हात काढून घेतला. ते फोल्डर उघडताच संगणक डिस्ककडे जाणार आणि रिकाम्या हाताने परतणार, एवढे मला दिसत होते.

"थांबा," ती एकदम म्हणाली. "सकाळी दुकानात जायच्या आधी सगळ्याचा मिळून आकार बघितला होता. केवढी डिस्क आणायची ते कळावं म्हणून."

मी चष्मा काढला. एकूण आकार सांगायचा तर संगणकाला प्रत्येक फोल्डरमध्ये शिरावे लागते, प्रत्येक फाइलीला तिचा आकार विचारावा लागतो. म्हणजे तो सकाळी बनाबाईंच्या दाराशीही जाऊन आला होता. कोणी मुद्दाम पाठवले नव्हते.

"त्यानंतर काय काय चालवलंत? जागा अपुरी पडली की तो जुनी माहिती सोडून देतो."

"ह्यो मॅच बघत बसलेला."

"अगं थोडाच वेळ की!" प्रसेनजीत पुटपुटला.

ब्राउझर बंद करवून मी नवी डिस्क जोडली. "आधी आज्जी," संघप्रिया म्हणाली.

फोल्डर उघडले. आत फाइल होती. प्रत होऊ लागली. हिरवी पट्टी सरकत होती. डिस्कने जे गमावले होते ते हा संगणक नुसत्या आठवणीवर शोधत होता, एकेका तुकड्याशी जाऊन तो उचलून आणत होता. मी हात जोडले नाहीत इतकेच.

मग बाकीचे, एकेक फोल्डर. गगनबावड्याचे एक फोल्डर मात्र अडले. वाचता येत नाही, असा संदेश आला. पुन्हा करूनही तेच.

"ती म्हातारी हाय अजून," संघप्रिया म्हणाली. "परत जाते. शिव्या घालंल, पण गाईल."

एक शंका उरली होती आणि ती मी बोलून दाखवली. तुकडा कोठे आहे हे आठवणे वेगळे. त्या जागेवरच दुसरे काही लिहिले गेले असेल, तर आकार बरोबर येईल, नावही येईल, आत मात्र नुसती खरखर असेल. ऐकल्याशिवाय कळणार नाही.

तिने नव्या डिस्कवरची फाइल सुरू केली. प्रथम नुसता आवाज, वारा असावा. प्रसेनजीतने डोळे मिटून घेतले. मग कोणीतरी घसा खाकरला, आणि थकलेला पण ठणठणीत आवाज खोलीत आला:

"संघे, लागलं का गं तुझं यंत्र? का उगाच घसा फोडू?"

संघप्रियाने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. गाणे सुरू व्हायच्या आत तिने ते खाली घेतले आणि पडद्याकडे पाहून म्हणाली, "लागलं की, आज्जी. म्हण तू."