पश्चिमेच्या भिंतीजवळचं मशीन आणि मी

मी एक सेटिंगची फाईल बोलतेय. नवापूरच्या एका हॅचरीतल्या कॉम्प्युटरात राहते. अंगाने चार ओळींची, पण मूर्ती लहान, कीर्ती महान!

अंडी उबवणाऱ्या मशीनांवर इथे एक प्रोग्रॅम नजर ठेवतो. ऊब वाढली की गजर वाजवतो. येताना तो स्वतःच्या फाईली घेऊन आला, मी मात्र त्याच्या बिऱ्हाडातली नाही. मला कामिनीताईंनी हाताने लिहिलं. पश्चिमेच्या भिंतीजवळचं मशीन दुपारी लवकर तापतं, हे त्यांना राउंड मारताना कळलं होतं. त्या मशीनचा गजर जरा आधी वाजावा, एवढंच माझं काम. लिहून झाल्यावर त्या माझ्याकडे पाहून हसल्या होत्या. मला त्या फार आवडतात.

मग त्या बाळंतपणासाठी माहेरी, चिंचपाड्याला गेल्या आणि काम ललितकडे आलं. पोरगा गुणी, पण साफसफाईचा भारी सोस! एप्रिलमधल्या एका दुपारी प्रोग्रॅम अडकला. ललितने तो सेटिंगसकट काढून टाकला, पुन्हा नवा बसवायला. शेजारच्या फाईली भराभर गेल्या. मी डोळे मिटून घेतले. पण माणसाने स्वतः लिहिलेल्या फाईलला कॉम्प्युटर आपणहून हात लावत नाही. त्याने पडद्यावर लिहिलं, ‘फोल्डर रिकामं नाही, म्हणून काढलं नाही.’

“हाई काय उरनं?” म्हणत ललितने मला पुसायला घेतलं. तेवढ्यात माझ्यावरचं ताईंचं नाव त्याला दिसलं. त्याने फोन लावला.

“कामिनीताई, सगळं गयं, पण तुन्ही फाईल ऱ्हायनी. काढी टाकू का?”

“नको रे भाऊ! भिंतजवळना मशीननं लिखेल शे त्यामा. तठे पिल्लास्ना जीव शे!”

ललितने मला राहू दिलं. नवा प्रोग्रॅम बसला, त्याने मला वाचलं आणि गजर लगेच वाजला. या गडबडीत भिंतीजवळचं मशीन तापू लागलं होतं. ललित धावत गेला, त्याने हवेच्या झडपा उघडल्या. पुढे त्या मशीनमधून पिल्लं निघाली, तेव्हा त्याने फोन ट्रेजवळ धरला. पलीकडे ताईंचं बाळही रडत होतं. काय गोड गोंधळ होता तो!

आता ताईंच्या नावाखाली ललितचंही नाव आहे. बाबांनो, प्रोग्रॅम खुशाल काढा. पण कुणी हाताने लिहिलेलं मागे उरलं, तर पुसण्याआधी लिहिणाऱ्याला एक फोन करा. माझ्या कामिनीताईंनी तो उचलला, म्हणून मी आज बोलतेय.