उलट बांधणीचा अकरावा खंड

"खळकाका, हे तुमच्याच हातचं ना?"

ग्रंथपालबाईंनी पुस्तक टेबलावर आपटलं नाही. कुणाचं हरवलेलं पाकीट परत करावं तसं दोन्ही हातांनी पुढे धरलं. काकांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. करड्या कापडाची पाठ, चारी कोपरे चोख, पुठ्ठ्यावर नावाची पट्टी: 'रिंगणातला डावखुरा, खंड अकरा'. हात त्यांचाच होता.

"माझंच. का, शिवण सुटली?"

"तुमची शिवण कधी सुटलीय? उघडून बघा."

काकांनी उघडलं. पहिल्याच पानावर एक म्हातारा वाळूत मरून पडला होता, छातीत भाला तसाच, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'अकरावा खंड समाप्त'.

"बाई, हे..."

"तेच म्हणतेय मी. तोंडाच्या जागी शेपूट. जपानी चित्रकथा, मंगा, उजवीकडून डावीकडे वाचतात, हे मला तुम्हीच शिकवलंत. पहिले दहा बरोबर, बारावा बरोबर, मग अकराव्यानेच काय घोडं मारलं?" मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "शुक्रवारी तुम्ही निवृत्त होताय, नाहीतर बोललेही नसते. पण पुस्तकांची तपासणी आलीय. संध्याकाळपर्यंत सोडवून सरळ करून द्या, म्हणजे झालं."

बाई जिना चढून गेल्या. काका पुस्तक हातात धरून तसेच बसून राहिले. चौतीस वर्षं या तळघरात त्यांनी पुस्तकं बांधली. फाटलेली, भिजलेली, उंदरांनी चाखलेली, लहान मुलांनी रंगवलेली. चार ग्रंथपाल आले आणि गेले, पण काकांच्या कामात खोट काढायची कुणाची छाती झाली नव्हती. त्याचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवतही नसत. आणि आता शेवटच्या आठवड्यात, चार दिवस राहिलेले असताना, हे.

त्यांना खळकाका म्हणत, कारण ते पुस्तकांना खळ लावत. खळ म्हणजे पिठाचा शिजवलेला चिकट लगदा, कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. ती खळ दर रविवारी त्यांची बायको घरी शिजवून द्यायची. "लग्नात सांगितलं असतं तर घोटायला मोठं पातेलं आणलं असतं मी माहेराहून," असं दर रविवारी म्हणायची आणि दर रविवारी घोटायची. ती गेल्यापासून काका बाजारातला तयार डिंक वापरत. खळ गेली, नाव तेवढं मागे राहिलं.

दुरुस्तीची सुरुवात मताच्या कागदापासून करायची होती. ही या ग्रंथालयाची जुनी रीत. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याला आतून एक कोरा कागद चिकटवायचा आणि वाचणाऱ्याने त्यावर पेन्सिलीने आपलं मत लिहायचं. कागद भरला की काका तो काढत आणि नवा लावत. जुने कागद टाकून द्यायचे असत, पण डबा खाताना काका ते वाचून काढत. एवढ्या इमारतीत ती मतं वाचणारे ते एकटेच. मतं लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं, आणि दुपारी काकांशी बोलायलाही दुसरं कुणी नव्हतं.

अकराव्याचा कागद काठोकाठ भरला होता. पुस्तकच उलटं, त्यामुळे शेवटचा म्हणून लावलेला हा कागद खऱ्या सुरुवातीला येऊन बसला होता, आणि पहिलंच मत त्याबद्दल होतं.

'मत द्यायचं पान सुरुवातीलाच? वाचायच्या आधीच मत द्यायचं का?'

'बाइंडर झोपला होता.'

'झोपला नव्हता. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभा होता.'

काकांचे कान तापले. पण पुढे मंडळी नेहमीप्रमाणे गोष्टीवरून भांडायला लागली होती. गोष्ट प्राचीन रोममधल्या एका गुलामाची. हा डावखुरा रिंगणात ज्याला मारतो, तो माणूस त्याच्या सावलीत राहायला येतो आणि त्याच्याशी बोलत बसतो. अकराव्या खंडात त्याला आपल्या गुरूलाच मारावं लागतं, जाळं टाकून लढणाऱ्या म्हाताऱ्या जाळेवाल्याला. त्यावरून वाचकांनी रान उठवलं होतं.

'खऱ्या रोममध्ये जाळेवाले शिरस्त्राण घालत नसत. चित्रकाराने अभ्यास करावा.'

'खऱ्या रोममध्ये मेलेल्यांच्या सावल्याही बोलत नसत. ते चालतं का तुम्हाला?'

'जाळेवाल्याला मारायचं काही कारण नव्हतं. मी निषेध करते. बारावा खंड वाचणार नाही.' आणि त्याखाली, त्याच अक्षरात, 'वाचला.'

काका एकटेच हसले. मग त्यांची नजर खाली गेली. तिथे बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर होतं. पेन्सिल दाबून लिहिलेलं.

'मी चित्रांचं पुस्तक पहिल्यांदाच वाचलं. ते उलटं बांधलंय हे मला नंतर समजलं. मला वाटलं गोष्टच अशी आहे. जाळेवाला आधी मेलेला असतो. मग भाला निघतो. मग तो उठून उभा राहतो. शेवटी दोघं विहिरीच्या काठावर बसून हसतात. आमच्या घरातलं माणूस या वर्षी गेलं. विनंती आहे, हे दुरुस्त करू नये.'

त्याखाली एकाने 'दुरुस्त कराच' लिहिलं होतं, दुसऱ्याने 'नका करू', तिसऱ्याने 'ज्याला सरळ वाचायचंय त्याने पुस्तक फिरवावं, हातांना काय मेंदी लागलीय?' आणि या भांडणाच्या फटीफटींतून तेच कललेलं अक्षर पुन्हा येत होतं, दर वेळी एकच ओळ.

'पुन्हा नेलं. अजून हसतात.'

'पुन्हा नेलं. हसतात.'

कागद सोडवायला घेतलेली पाण्याची वाटी काकांनी बाजूला सरकवली. पुस्तक बांधून झालं की पुठ्ठ्याच्या आतल्या कोपऱ्यात बारीक तारीख टाकायची त्यांची सवय होती. त्यांनी तारीख शोधली. सापडली. बायको गेल्यावर आठव्या दिवशी ते कामावर आले होते, ती तारीख.

त्या दिवसाचं त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. वरच्या मजल्यावरचे चार लोक खाली येऊन "वाईट झालं" म्हणून गेले असतील, जेवणाची सुट्टी झाली असेल, संध्याकाळी त्यांनी कुलूप लावलं असेल. दुसऱ्या दिवसापासून कुणी विषय काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही. काका कसे खंबीर, असंच सगळे म्हणाले. आणि हे हात मात्र त्या दिवशी पुस्तकाची पहिली बाजू कुठली आणि शेवटची कुठली, हेच विसरले होते. त्या दिवसाची जगात एवढीच एक खूण उरली होती आणि ती त्यांना संध्याकाळपर्यंत पुसायची होती.

ते पुस्तक वाचायला लागले. चुकीच्या बाजूने. म्हातारा वाळूत पडलेला. पान उलटलं. भाला निघाला. पान उलटलं. म्हातारा गुडघ्यावर आला, उभा राहिला, मागे मागे चालत रिंगणाच्या दारातून आत गेला. विहिरीवर दोघं एकाच पेल्यातून पाणी प्यायले. डावखुरा काहीतरी बोलला आणि म्हातारा तोंड उघडं टाकून हसला, पुढचे दोन दात नसलेला. काकांना रडू आलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच आलं, आणि तेही एका जपानी पुस्तकातल्या रोमन म्हाताऱ्यासाठी.

तोंड धुऊन ते वर गेले. देवघेवीच्या टेबलावर गेल्या वर्षी कामाला लागलेली मुलगी परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होती.

"अगं, हा अकरावा खंड सारखा कोण नेतं?"

"काका, वाचकाचं नाव सांगता येत नाही, तुम्हाला माहितेय." तिने इकडेतिकडे पाहिलं. "पण नाव कशाला हवं? दर मंगळवारी येतात, दोन-तीन दिवसांत परत आणून देतात. आजही आलेत. अकरावा दुरुस्तीला गेलाय म्हटलं, तर तोंड एवढंसं झालं बघा. खिडकीपाशी बसलेत."

खिडकीपाशी एक थोराड पहारेकरी बसला होता. गणवेशातलाच, टोपी गुडघ्यावर, समोर एकही पुस्तक नाही. काका वर्तमानपत्र घेण्याच्या निमित्ताने त्याच्या टेबलापाशी गेले.

"तुम्ही इथेच असता का?" पहारेकऱ्यानेच विचारलं.

"असतो. खाली."

"एक पुस्तक दुरुस्तीला गेलंय म्हणे. सरळ करणार असतील आता."

"उलटं बांधलं होतं ते. बांधणारा चुकला."

"चुकला असेल." पहारेकऱ्याने टोपी हातात फिरवली. "पण शिलाई पक्की आहे हो. मी किती वेळा नेलं, एक पान हललं नाही. कधी भेटला तर सांगा त्याला."

"सांगतो," काका म्हणाले.

तो मीच, हे ओठांवर आलं होतं. पण ते सांगितलं असतं तर का चुकला, तेही सांगावं लागलं असतं, आणि मग त्यालाही त्याच्या घरातलं कोण गेलं ते सांगावं लागलं असतं. दोघांचीही तेवढी तयारी नव्हती. काकांनी वर्तमानपत्र घेतलं, त्याची उगाच घडी घातली आणि ते सरळ ग्रंथपालबाईंच्या खोलीत गेले.

"झालं इतक्यात?" बाईंनी विचारलं.

"नाही झालं. होणारही नाही."

"का? फार अवघड आहे?"

"अर्ध्या तासाचं काम आहे. पण मी करणार नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "चौतीस वर्षांत 'नाही' हा शब्द पहिल्यांदा ऐकतेय तुमच्या तोंडून."

"ही गेली ना, त्यानंतर मी आठव्या दिवशी कामाला आलो, त्या दिवशीचं आहे ते." काकांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. "मला काही सुचत नव्हतं, बाई. मी तसं कुणाला बोललो नाही. तुम्ही सगळे खंबीर खंबीर म्हणालात, मग मलाही तसंच राहावं लागलं. मी चुकलो त्या दिवशी, हे कबूल आहे. तपासणीत माझ्या नावाने लिहा. पण ते तसंच राहू दे. एक जण दर मंगळवारी येतो त्याच्यासाठी."

काकांच्या घरी भेटायला जायचं बाईंच्या मनात होतं, आणि ते दोन वर्षं मनातच राहिलं होतं. मग त्यांनी कपाटातून नोंदवही काढली आणि अकराव्या खंडापुढे शेरा लिहिला. लिहून झाल्यावर वही काकांकडे वळवली. 'बांधणी उलटी. तशीच ठेवावी.' काकांचं नाव कुठेच नव्हतं.

काकांनी खाली जाऊन भरलेला मताचा कागद जपून तसाच ठेवला आणि त्याच्या समोरच्या कोऱ्या पानावर नवा चिकटवला. पुस्तक त्यांनी स्वतःच खिडकीपाशी नेऊन दिलं. पहारेकऱ्याने आधी आतला कागद पाहिला, मग पुस्तक चाळलं, आणि टोपी घालून ते न्यायला उठला.

शुक्रवारी निरोपाची भाषणं झाली. हार झाला, घड्याळ झालं. खोलीची किल्ली देऊन काका देवघेवीच्या टेबलापाशी आले तेव्हा पाच वाजायला आले होते.

"मला सभासद करून घे," ते म्हणाले.

"काका! चौतीस वर्षं इथे, आणि तुमचं कार्डच नाही?"

"लागलंच नाही कधी. पुस्तकं खालीच यायची."

मुलगी हसली. तिने कार्यालयातली त्यांची फाइल मागवली आणि बघून बघून अर्ज भरायला लागली. नाव, पत्ता, जन्मतारीख. निळ्या शाईने, सुबक अक्षरात.

"घरातली माणसं, दोन," तिने वाचत वाचत लिहिलं. "म्हणजे दोन कार्डं मिळतील तुम्हाला. एका वेळी दोन पुस्तकं. बरोबर आहे ना काका? काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा, दुरुस्त करते."

काकांनी अर्ज जवळ ओढला. चष्मा खाली घेतला. त्या 'दोन'कडे ते पाहत राहिले.

"राहू दे," ते म्हणाले.

तिने शिक्का मारला. काकांनी दोन्ही कार्डं सदऱ्याच्या खिशात नीट ठेवली आणि सकाळीच परत आलेला अकरावा खंड मागून घेतला.

"मंगळवारच्या आत आणून देतो," त्यांनी सांगितलं.