एकतीस तारखेची गाडी

नवी गाडी घ्यायची ती महिनाअखेरीलाच, हा ओहायोतल्या वेंडेलचा हट्ट. विक्रीचा आकडा गाठायची घाई असली की शोरूमवाले नरमतात म्हणे! त्यापायी त्याने बायकोला, लोरेनला, महिनाभर जुन्या खटाऱ्यातून हिंडवलं.

एकतीस तारखेला शोरूम बंद व्हायच्या तासभर आधी दोघं आत शिरली. गाडीच्या काचेवर डकवलेल्या किमतीकडे वेंडेलने ढुंकूनही पाहिलं नाही. "साडेअठ्ठावीस हजार डॉलर. नसेल जमत तर निघालो!" म्हणत तो उठलाच. विक्रेती मार्ला धावत मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली आणि पडल्या चेहऱ्याने परतली. "घ्या काका, जिंकलात. वर बर्फातले टायर फुकट."

घरी जाताना वेंडेलची छाती फुगली होती. "पाहिलंस? वेळ साधता आली पाहिजे, बाईसाहेब!"

"तुझ्यासारखं कुणाला जमणार!" लोरेन म्हणाली.

दहा तारखेलाच ती एकटी जाऊन अठ्ठावीस हजारांत सौदा ठरवून आली होती. "आमचा म्हातारा साडेअठ्ठावीस म्हणेल. वरच्या पाचशेचे टायर घाल," तिने मार्लाला बजावलं होतं, "आणि हरताना चेहरा नीट पाड हं. एकतीस तारखेपर्यंत वाट बघणार आहे बिचारा."