देव्हाऱ्यातली दुसरी किल्ली

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. जुने म्हटले म्हणून लगेच भंगारात काढू नका. घाटकोपरच्या जयवंत परबांच्या लाँड्रीची कडी मी इमानाने सांभाळली आहे. चोरांनी मला हलवून पाहिले, पण मी काही बधले नाही.

माझा जन्म अलीगढच्या कारखान्यातला. तिथून निघताना माझ्याबरोबर दोन जुळ्या किल्ल्या होत्या. परळच्या गिरणीतली नोकरी सुटल्यावर जयवंतने ही लाँड्री टाकली आणि मला विकत आणले. पहिली किल्ली त्याने कमरेच्या करगोट्याला बांधली. दुसरी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली, रवळनाथाच्या टाकाशेजारी. तिच्यावर रोज फूल, रोज हळदकुंकू. एवढा मान मिळाला बिचारीला, पण काम मात्र कधी मिळाले नाही.

जयवंतने घातलेली कपड्यांची घडी पाहून लोक 'झकास' म्हणत. त्या कौतुकानेच त्याला बांधून घातले. त्याचा थोरला चुलतभाऊ धाकू इस्त्रीत त्याच्याइतकाच तयार होता. तरी जयवंत जेवायला घरी गेला, की मला कडीत अडकवून जाई आणि धाकू बाहेर पायरीवर तंबाखू मळत बसे. "माझ्या मागे कापड जळलं तर नाव कोणाचं जाईल?" हे जयवंतचे ठरलेले उत्तर. रविवार नाही, सण नाही. मला तर वाटे, माझ्यापेक्षा तोच जास्त कुलूपबंद आहे.

आणि हाच माणूस एके काळी पखवाज असा वाजवायचा, की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलावी! विक्रोळीला त्याच्या गाववाल्यांचे भजनी मंडळ होते. दोन मंडळे समोरासमोर बसून गाण्यातून सवाल-जवाब करतात, त्या डबलबारीत त्याची जागा ठरलेली. पण लाँड्री झाल्यापासून तो एकाही बारीला गेला नव्हता. शेवटी मंडळाच्या बुवांनी निरोप धाडला, "यंदा आला नाहीस, तर तुझ्या जागी दुसरा बसेल." ते ऐकून जयवंतची बोटे दिवसभर इस्त्रीच्या टेबलावरच ताल धरत राहिली. मला त्याची फार दया आली.

बारीच्या दिवशी दुपारी त्याने मला कडीत अडकवले, दोनदा ओढून पाहिले आणि तो विक्रोळीला गेला. थोड्याच वेळात आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक वसुधाबाई धापा टाकत आल्या. संध्याकाळी त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता, आणि तिची पैठणी आत टांगलेली!

"किल्ली जयवंताच्या कमरेक," धाकू हताशपणे म्हणाला.

वसुधाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. तेवढ्यात जयवंतची बायको सुगंधा मागच्या चाळीतून आली. तिने सगळे ऐकले, तशीच घरी गेली, देवाला हात जोडले आणि दुसरी किल्ली घेऊन आली. पण काय सांगू! इतक्या वर्षांच्या हळदकुंकवाने किल्लीचे दाते पार बुजून गेले होते. माझीच किल्ली, पण ती मला लागेना. सुगंधाने तिला चिंच लावून खसाखसा घासले. धाकूने माझ्या भोकात तेलाचे दोन थेंब सोडले. खट्! जयवंतशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाताने मी पहिल्यांदाच उघडले. फार बरे वाटले मला.

धाकूने पैठणीवर पातळ फडके घालून इस्त्री फिरवली. वसुधाबाई हसत गेल्या.

तिकडे मंडपात सूर जुळवण्यासाठी पखवाजाला कणीक लावता लावता जयवंतला पैठणी आठवली. सगळे टाकून तो धावत आला. बघतो तर दुकान उघडे!

"कोणी उघडल्यान?" तो ओरडला.

"मी. देव्हाऱ्यातल्या किल्लीने," सुगंधा म्हणाली.

"अगं, ती देवाची किल्ली!"

"देवाला कुठे दुकान उघडायचंय? पैठणी गेली, बाई खूश आहेत. तुम्ही परत कशाला आलात?"

जयवंतने सवयीने इस्त्रीकडे हात नेला. धाकूने ती सोडली नाही. "माका शिकवतंस काय? थंय तुझो पखवाज कोण वाजवतलो, मी?"

जयवंतने हात मागे घेतला. मग वळला आणि विक्रोळीकडे पळाला. बुवांनी त्याची जागा राखून ठेवली होती. त्या संध्याकाळी मला सुगंधाने लावले आणि एकदाच ओढून पाहिले.

तेव्हापासून दुसरी किल्ली धाकूकडे असते. दसऱ्याला जयवंत ती पूजेपुरती मागून घेतो आणि धाकू घाई करतो, "बेगीन दी रे, दुकान उघडूचा आसा." धंदा वाढला, जयवंतचे नाव काही गेले नाही. दर मंगळवारी दुपारी धाकूच्या हाती लाँड्री उघडी असते आणि मागच्या चाळीतून जयवंतच्या सरावाचा पखवाज ऐकू येतो.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. कुलपाला अधूनमधून तेल घालत जा. आणि दुसरी किल्ली देव्हाऱ्यात ठेवू नका, आपल्या माणसाच्या हातात द्या. देव रागावत नाही. मी रोज दोन वेगवेगळ्या हातांनी उघडते आहे, म्हणून छातीठोकपणे सांगते.