शिवाच्या जागी दुसरा माणूस

माझ्या तोंडाला लगाम नाय, हे अख्ख्या धरमतर खाडीला ठाऊक हाय. पण कमळाकर गुरुजींना मी जे बोलले, त्याची आज लाज वाटते.

माझा लेक शिवा मालवाहू जहाजावर खलाशी. परदेशातल्या एका बंदरात मालकाने जहाज टाकलं नि तोंड काळं केलं. बाकीचे खलाशी सुटले. तिथल्या कोर्टाने जहाजाच्या राखणीला एकट्या शिवाला ठेवलं. अकरा महिने! वीज नाय, प्यायचं पाणी मोजून.

पेणचे गुरुजी लोकांना अर्ज लिहून देतात. ते म्हणाले, "गिरजाबाई, खलाशाला असं वाऱ्यावर सोडायचं नाही, असा देशादेशांनी मिळून कायदा केलाय. तो पाळायला कोणी लावायचं, यावर मात्र वाद चाललाय."

माझं डोकंच फिरलं. "चुलीत घाला तो वाद नि तो कायदा! निघून ये म्हणते मी त्याला."

"निघाला तर पकडतील. राखण त्याच्या नावावर आहे."

"मग दुसरा माणूस द्या की! आमच्या उघाडीवर काय करतो आम्ही?"

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. भरतीला ते सांभाळलं नाय तर खारं पाणी भातात शिरतं. म्हणून घरटी एकाने राखण करायची. दुसरा आल्याशिवाय पहिल्याने हलायचं नाय, पण दुसऱ्याने यायचंच.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "बाई, हेच मागायचं राहिलं होतं."

त्यांनी तेच लिहिलं. खलाशांच्या युनियनला, दिल्लीला, पार जिनिव्हाच्या कामगार संघटनेला. माझ्या शिव्या खाऊन लिहिलं हो त्या देवमाणसाने! दोन महिन्यांनी युनियनने त्याच बंदरातला युसूफ नावाचा म्हातारा खलाशी उभा केला. शिवाच्या जागी राहायला तो तयार झाला, कोर्टानेही मानलं. ना नात्याचा, ना गोत्याचा!

काल भरदुपारी मी उघाडीवर होते. भरती चढत होती. बांधावरून शिवा येताना दिसला, वाळून काठी झालेला. धावत जाऊन मिठी मारावी वाटलं, पण दार सोडता येईना. उभ्या जागी रडले.

त्याने पिशवी खाली ठेवली, माझ्या हातातला दाराचा दोर घेतला. "हो बाजूला, आये. मी आलोय."

डोळे पुसत मी विचारलं, "तो युसूफ काय बोलला रे तुला?"

"आत्ता मी तुला बोललो, हेच," शिवा म्हणाला.

मी खाडीकडे तोंड करून हात जोडले.