पुरणाचं मशीन आणि काश्यप गोत्र

होळीला आठवडा उरला होता आणि विद्युल्लताबाईंचं पुरणाचं मशीन अजून मोबाईलमध्येच अडकून पडलं होतं.

बाई बालाजी घाटावरच्या मराठी भोजन मंडळाच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख. शाळेतून निवृत्त झाल्यावर रागवायला मुलं उरली नाहीत, म्हणून त्यांनी आचाऱ्यांना धरलं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी कारण विचारलंच तर "वेळ मिळाला नाही" म्हणत, आणि अशा नजरेने बघत की पुढचा प्रश्न विचारणाऱ्याच्या घशातच राही.

मशीनचं मूळ गेल्या होळीत होतं. पंगत बसली, मंडळाचे सचिव ढुंढिराजपंत यांनी पुरणपोळीचा पहिला घास घेतला, चावला, थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पुरण भरड राहिलंय." आता, राहिलं होतं हे खरं. मंडळाच्या हाताने फिरवायच्या पुरणयंत्राची जाळी झिजून तिची भोकं एवढाली झाली होती की डाळ त्यातून न दुखावता खाली उतरायची. पण खरं आहे म्हणून काय पंगतीत बोलायचं? त्या दिवसापासून बाईंनी पंतांशी बोलणं टाकलं. वाढायच्या, पण भलतीकडे बघून. असंच एकदा भलतीकडे बघताना ताक पंतांच्या मांडीवर वाढलं गेलं. ते चुकून झालं असं बाईंचं आजही म्हणणं आहे.

यंदा बाईंना विजेवर चालणारं मशीन हवं होतं. त्यातून लोण्यासारखं पुरण काढायचं आणि त्याची पोळी त्या माणसाच्या पानात वाढायची, एवढी एकच इच्छा त्यांनी वर्षभर जपली होती.

पूर्वी खजिनदार बिंदुमाधवकाकांच्या कानावर घातलं की काम होत असे. पण बाईंचा भाचा मुकुल संकठा घाटाजवळच्या घरात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो, आणि त्याला समाजसेवेची उबळ आली. त्याने मंडळाला मंजुरीचं सॉफ्टवेअर बनवून दिलं. त्यात अर्ज भरला की तो समितीच्या मोबाईलवर जातो. कुणी तो उघडला की फॉर्म आधी बघतो, उघडणारा कोणत्या गटातला आहे, आणि मग बटणं दाखवतो: मंजूर, नामंजूर, खुलासा मागवा. आपल्याच माणसाचा अर्ज आपणच मंजूर करू नये म्हणून नियम असा, की अर्ज करणारा आणि मंजूर करणारा एका गटातले नकोत. पंतांना हे इतकं आवडलं की त्यांनी ठरावच करून टाकला: यापुढे सॉफ्टवेअरबाहेर मंडळात सुईसुद्धा विकत घ्यायची नाही.

बाईंनी अर्ज भरला. बिंदुमाधवकाकांनी उघडला, तर एकही बटण नाही! नुसती सूचना: "अर्जदार आणि आपण एकाच गटात आहात." पंतांना विचारणं बाईंना मान्य नव्हतं; समितीतल्या बाकीच्यांनी उघडून पाहिला, तीच सूचना. काकांनी तर मोबाईल उलटा धरूनही पाहिला.

बाईंनी मुकुलला बोलावून घेतलं. त्याने लॅपटॉप उघडला, गटांची माहिती काढली आणि कपाळाला हात लावला.

"आत्या, हे गट कुणी भरले?"

"तूच तर वेणीमाधवशास्त्र्यांना भरायला सांगितलंस. ते सगळ्यांना ओळखतात म्हणून."

"अगं, मी स्वयंपाक, खरेदी, हिशेब असे गट म्हणत होतो! इथं सगळे काश्यप आहेत. काका काश्यप, तू काश्यप, मी काश्यप. दारातला शिवराम रिक्षावाला, वो भी काश्यप!"

शास्त्रीबुवांना आणलं. ते जराही वरमले नाहीत.

"मुकुल, तू मला काय म्हणालास? एका गटातल्या दोघांचं आपसात जमत नाही, अशा हिशेबाने माणसं लाव. बरोबर?"

"हो."

"मग असा गट जगात एकच. गोत्र! मी म्हटलं, बघा, पोरगा पुण्याच्या कंपनीत आहे पण संस्कार सोडले नाहीत. डोळे भरून आले माझे."

"पण सगळेच काश्यप कसे?"

"काही मुळातलेच आहेत. बाकीच्यांनी फोन उचलला नाही. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप लावावं, हे शास्त्र आहे. मी मनाचं काही केलेलं नाही."

मुकुल म्हणाला, "टेन्शन नहीं, मी आत्ताच काकांचा गट बदलतो. एक मिनट का काम."

"खबरदार!" शास्त्रीबुवा कडाडले. "गोत्र काय सदरा आहे? गटात बदल माझ्या संमतीशिवाय होणार नाही, हे तूच लिहून दिलंयस."

लिहून दिलं होतं खरं. सगळे गट नव्याने उभारता आले असते, पण पुण्याच्या कामाने मुकुलच्या नाकी नऊ आले होते. होळी होईपर्यंत त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

"म्हणजे उपायच नाही?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज चक्क ओला झाला होता.

शास्त्रीबुवांना दया आली. त्यांनी मांडी बदलली. "शास्त्रात उपाय असतोच. बिंदुमाधवांनी दत्तक जावं. म्हणजे त्यांचं गोत्र बदलेल आणि त्यांना बटण दिसेल."

बिंदुमाधवकाका नातवंडांचे आजोबा. पण ते एकदम ताठ बसले. "मग माझी मुंज पुन्हा करावी लागेल काय हो?"

"करावी लागेल."

"भिक्षावळ? लाडू?"

"सगळं साग्रसंगीत."

काका विचारात पडले. त्यांना कल्पना वाईट वाटत नव्हती, हे तोंडावर स्वच्छ दिसत होतं. पण घोडं अडलं दत्तक घेणाऱ्यापाशी. तो काश्यप नसलेला हवा, आणि अख्ख्या मंडळात तसा माणूस एकच निघाला: ढुंढिराजपंत, वासिष्ठ. ते काकांपेक्षा वयाने लहान. मुलगा बापापेक्षा मोठा चालत नाही, असं शास्त्रीबुवांनी जड मनाने सांगितलं. काका हिरमुसले.

"दुसरा मार्ग त्याहून सोपा," शास्त्रीबुवा पुढे म्हणाले. "स्त्रीचं गोत्र लग्नाने बदलतं. बाई वासिष्ठ झाल्या, की आम्ही सगळे काश्यप यांचे अर्ज धडाधड मंजूर करू."

"पण वासिष्ठ तर एकटे पंतच..." मुकुल बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

खालच्या घाटावर नाववाले गिऱ्हाईकासाठी भांडत होते, ते आता खोलीत शब्दन् शब्द ऐकू येऊ लागलं. बाई उठल्या. त्यांचे कान लालभडक झाले होते.

"पुरणाच्या मशीनसाठी लग्न करू मी? उद्या फ्रिज हवा झाला तर काय करायचं, तेही सांगून ठेवा!"

आणि त्या तडक निघाल्या. बटण एकाच माणसाला दिसत होतं, तर त्या माणसाकडे जाणं भाग होतं. मंगला गौरीच्या गल्लीत एक सांड आडवा बसला होता. बाईंचा अवतार बघून तो आपणहून उठला.

पंत ओसरीवर मोबाईल मांडीवर घेऊन बसले होते. पत्नी गेल्यापासून ते एकटेच राहत. बाईंना पाहून ते इतक्या घाईने उठले की चष्मा खाली पडला.

"या, या. बसा बाई. चहा टाकू?"

"चहा नको. माझा अर्ज तुम्हाला दिसतो का?"

"दिसतो."

"बटण?"

"तेही दिसतं. तीनही."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," पंत चष्मा पुसत म्हणाले.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "मग दाबलं का नाहीत? एवढा राग? पुरणाला नावं ठेवायची, आणि मशीनही मिळू द्यायचं नाही?"

"राग कसला हो." पंत चष्मा पुसतच राहिले, काच केव्हाच स्वच्छ झाली होती. "रोज उघडायचो अर्ज. रोज बोट न्यायचो. पण म्हटलं, एकदा दाबलं की बाईंचं काम झालं. मग त्या इथं कशाला येतील? वर्ष झालं, तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. जेवायला येतो मंडळात, पण घास गोड लागत नाही. भांडला असतात तरी बरं वाटलं असतं."

बाईंनी भांडणाची सगळी तयारी घरून करून आणली होती. त्यातलं एक वाक्यही आता उपयोगाचं राहिलं नव्हतं. त्या ओसरीच्या कडेला टेकल्या. आपल्यालाही हे वर्ष फार लांबलचक गेलं, हे त्यांना तिथं बसल्यावर कळलं, आणि कळल्याचा राग आला.

"भरड होतं," त्या गल्लीकडे बघत म्हणाल्या. "पुरण. भरडच होतं."

"असेल. पण मी ते पंगतीत बोलायला नको होतं."

"नकोच होतं!"

"चुकलो."

"दाबा आता."

पंतांनी दाबलं. मग म्हणाले, "आता चहा?"

"साखर कमी," बाई म्हणाल्या.

मशीन वेळेत आलं. होळीला पुरण असं उतरलं की बोट लावलं तर लागलं हे कळू नये. पंतांनी पहिला घास घेतला आणि अख्खी पंगत हात आवरून त्यांच्या तोंडाकडे बघू लागली. पंतांनी पान पुढे सरकवलं, आणि बाईंनी सरळ त्यांच्याकडे बघत दुसरी पोळी वाढली, वर तुपाची धार धरली. ती जरा जास्तच वेळ धरली असं पंगतीतल्या पद्माबाईंनी नंतर चार घरी सांगितलं.

रंगपंचमी झाली आणि मुकुल मोकळा झाला. तो लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आला.

"आत्या, हो गया! सगळे गट नीट केले. स्वयंपाक, खरेदी, हिशेब, सब अलग. शास्त्रीबुवांनीही सही केली. तुझं एक नाव जुन्या गोत्रांच्या यादीत राहिलंय, तुझ्या अर्जांना अजून तीच यादी लागते; तेवढं बदललं की तुझे अर्ज समितीतलं कुणीही मंजूर करेल. पंतांच्या दारात जायला नको."

बाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"माझं राहू दे तसंच."

"अगं, पण मग तुझा प्रत्येक अर्ज एकट्या पंतांकडेच जाईल!"

"जाऊ दे."

"पण आत्या, गट चुकीचा आहे तो!"

"मुकुल," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे कान पुन्हा लाल झाले, "मला बदलायचा झाला, तर मी शास्त्रीबुवांकडून रीतसर बदलून घेईन."